न टाकलेलं पोस्टकार्ड

पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड माझ्याकडे चौतीस वर्षं पडून होतं. मजकूर लिहिलेला, पत्ता लिहिलेला, फक्त पेटीत टाकायचं राहिलेलं. पत्ता होता : डॉ. जयंत नारळीकर, आयुका, पुणे विद्यापीठ परिसर, गणेशखिंड, पुणे.

२० मे २०२५ च्या सकाळी नारळीकर गेल्याची बातमी आली. मंगळवार होता. शहाऐंशी वर्षांचे होते, पुण्यात राहत्या घरी गेले. दुपारपर्यंत तीन फोन आले. पहिला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा. सर आता त्र्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनवर तेच बोलतात. दुसरा एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरकाकांचा. तिसरा थोरल्या बहिणीचा, आक्काचा. ती एवढंच म्हणाली, "तुझा पुस्तकवाला गेला म्हणं."

सरांचं म्हणणं पडलं की आपण काहीतरी केलं पाहिजे. शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्यासारख्या बाजाराच्या गावी असं काही करायचं म्हणजे वाचनालयात सतरंजी अंथरायची, फोटोला हार घालायचा आणि चहा सांगायचा. त्या रविवारी तेच केलं. मेमध्येच पाऊस असा कोसळत होता की आंब्याकडून कुणी येईल ही आशा सोडली होती. तरी चौदा माणसं आली. त्यांतले दोघे पाऊस थांबेपर्यंत आडोशाला आले होते असा मला दाट संशय आहे. पण तेही शेवटपर्यंत बसले.

सुरुवात वादानं झाली. वाचनालयाच्या चिटणीसांनी फळ्यावर 'कोल्हापूरचे सुपुत्र' असं लिहिलं होतं. कंडक्टरकाका म्हणाले, "सुपुत्र कसले? त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चार नगरांतले माझे विश्व'. ती चार नगरं कोणती? बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. कोल्हापूर कुठाय त्यात?" मुद्दा बिनतोड होता. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. पण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे बालपण सगळं तिकडचं. आपण कोल्हापूरकर मात्र जन्मदाखला हातात धरून बसलो आहोत. फळ्यावरचं पुसलं नाही. चिटणीस म्हणाले, खडू संपलाय.

तरुण वाचकांना कदाचित कल्पना येणार नाही, पण आमच्या पिढीच्या खेड्यातल्या पोरांना नारळीकर आधी गोष्टी लिहिणारे म्हणून भेटले आणि मग कळलं की हा माणूस खरोखरच आकाशाचं गणित करतो. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' ही मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पहिली आली ती त्यांच्या नावावर नव्हे, तर नारायण विनायक जगताप या नावावर. जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केलेली. नऊ वर्षांपूर्वीच, १९६५ साली, पद्मभूषण मिळालेला माणूस आपल्या नावाकडं बघून परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून जगताप होऊन स्पर्धेत उतरतो, ही गोष्ट सर दरवर्षी नव्या वर्गाला सांगत. आमच्या वर्गात दोन जगताप होते. त्यांची छाती त्या दिवशी फुगायची.

आणि सही. नारळीकर सही देत नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. व्याख्यानानंतर वही पुढं केलेल्या मुलांना ते सही नाकारत आणि विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत. उत्तर येई, आणि उत्तराखाली सही. बघायला गेलं तर किती साधी गोष्ट. पण रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला त्या क्षणी ती तुसडेपणाचीच वाटत असणार. मोठ्या माणसांनी डोक्यावरून हात फिरवावा, 'छान शिक हो' म्हणावं, ही आपली रीत. हा माणूस उलट गृहपाठ द्यायचा.

यावरून बोलणं त्यांच्या स्वभावाकडं वळलं. बीएस्सीला कोल्हापूरला असलेली एक मुलगी आली होती, तिनं सांगितलं की अमेरिकेत हार्लन एलिसन नावाचा एक विज्ञानकथाकार होता, २०१८ साली वारला. भांडखोर म्हणून जगजाहीर; निर्मात्यांशी, प्रकाशकांशी, चाहत्यांशीसुद्धा. कोर्टकज्जे तर विचारूच नका. आणि तो गेल्यावर लोकांनी काय आठवावं, तर त्यानं आपल्याला कसं झापलं होतं ते! तिचा प्रश्न असा की, आपले नारळीकर तसे होते का?

छे. नारळीकर आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. भांडखोर पाहायचा तर त्यांच्या गुरूकडं बघावं लागतं. फ्रेड हॉईल म्हणजे यॉर्कशरचा सरळ तोंडावर बोलणारा गडी. तोही विज्ञानकथाकार, त्याची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ ची. विश्वाची सुरुवात एका स्फोटानं झाली हे त्याला कधीच पटलं नाही, आणि गंमत अशी की त्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना त्यानंच दिलं. केंब्रिजमधल्या राजकारणाला वैतागून १९७२ साली तो राजीनामा देऊन मोकळा झाला. पल्सारच्या शोधाचं नोबेल जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला का नाही, असं जाहीर विचारून त्यानं वादळ ओढवून घेतलं. पुढं १९८३ साली ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात यावरचं नोबेल त्याच्या सहकाऱ्याला, विल्यम फाउलरला मिळालं, हॉईलला नाही.

या माणसाच्या हाताखाली नारळीकर तयार झाले. फेब्रुवारी १९६१ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी हॉईलना पत्रकारांसमोर बसवलं आणि स्थिर विश्वाचा सिद्धान्त आपल्या निरीक्षणांनी मोडीत निघाल्याचं जाहीर केलं. त्यानंतर रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला हॉईलनी कुणाला उभं केलं, तर बावीस वर्षांच्या नारळीकरांना. नुकतं संशोधन सुरू केलेला मुलगा, समोर राईल. सर हे सांगताना दर वेळी उठून उभे राहतात. त्या रविवारीही राहिले.

पण इथंच आमच्यात खरी जुंपली. बीएस्सीवाली मुलगी म्हणाली, "सर, १९६५ साली विश्वातून सगळीकडून येणारं ते सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोटाचा एवढा पुरावा. सगळं जग पलीकडं गेलं. हे मात्र त्यानंतरही साठ वर्षं स्थिर विश्वाच्याच बाजूला. १९९३ साली हॉईल आणि बरबिज यांच्याबरोबर पुन्हा सुधारलेला सिद्धान्त मांडला. लोकांना 'पुरावा मागा' म्हणायचं आणि स्वतः पुराव्याच्या विरुद्ध उभं राहायचं, हा हट्ट नाही का?"

सतरंजीवर शांतता पसरली. शोकसभेत असं कुणी बोलत नाही. चिटणीसांनी फोटोकडं बघितलं.

सरांना ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. पण गेलं होतं. ते म्हणाले, "हट्ट हाय. पण त्यांनी पुरावा नाकारला न्हाई, अर्थ नाकारला. ते प्रारण दुसऱ्या रीतीनं कसं येईल याचं गणित मांडून दाखवलं. चुकलं असंल. पण 'माझं ऐका' म्हणाले न्हाईत, 'तपासा' म्हणाले." मुलीचं समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझंही पूर्ण झालेलं नाही. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांच्या मते या बाबतीत नारळीकर हरलेल्या बाजूला होते, आणि ते झाकून त्यांची आठवण काढण्यात अर्थ नाही. पण ज्या आयुकाची त्यांनी १९८८ साली पुण्यात उभारणी केली, जिचे ते २००३ पर्यंत संचालक होते, तिथं महास्फोट मानणारे संशोधक सुखानं काम करत राहिले. संस्थेच्या प्रमुखाचं मत हेच संस्थेचं मत मानण्याची पद्धत असलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. (आमच्या भागातल्या संस्थाचालकांची नावं मी घेणार नाही. मला इथंच राहायचं आहे.)

कंडक्टरकाकांना विश्वाच्या उत्पत्तीत रस नव्हता. त्यांचा विषय 'गंगाधरपंतांचे पानिपत'. मलकापूर-कोल्हापूर फेरीत, बांबवड्याला गाडी भरून निघाली की तिकिटं फाडून झाल्यावर त्यांनी ही कथा वाचली आणि पन्हाळ्याचा फाटा कधी मागे गेला ते कळलं नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथं पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी निसटून जाते आणि मराठे जिंकतात. पुढं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही ती गेली. काका म्हणाले, "आमाला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागली न्हाई."

खरंच होतं. आमचा तालुका विशाळगडाचा आणि पावनखिंडीचा. जुलै १६६० ची ती रात्र इथल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात असते, आणि प्रत्येकानं कधी ना कधी गुरं राखताना विचार केलेला असतो : पाऊस नसता तर? सिद्दीच्या माणसांनी पालखीतला शिवा काशीद लवकर ओळखला असता तर? आम्ही ते उगाच बोलायचो. नारळीकरांनी त्याच 'तर'ला गणिताची बैठक दिली. एका बारीक घटनेनं जगाचा फाटा बदलू शकतो हे शास्त्र आहे म्हणाले. केंब्रिजला शिकलेला माणूस आणि म्हशी वळणारी पोरं एकाच प्रश्नावर येऊन थांबली होती, याचा तेव्हा फार आनंद झाला होता.

सगळ्याच कथा तशा उतरल्या नाहीत, हेही बोललो. पात्रं बहुतेक शास्त्रज्ञ, आणि एकसारख्या शुद्ध भाषेत बोलणारी. बायका चहा घेऊन येतात आणि शंका विचारतात. कल्पना पुढं धावते, माणूस मागं राहतो. आमच्यासारखं गाव त्यांच्या कथांत जवळजवळ नाहीच. पण 'धूमकेतू' घ्या. पृथ्वीवर आदळायला येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ मोठ्या कष्टानं वळवतात, आणि घरी मात्र श्रेय जातं केलेल्या होमाला. ते घर आमचंच होतं. 'पुत्रवती भव' मध्ये मुलगा की मुलगी हे ठरवता येऊ लागलं तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी घेतला. पुढं २००१ च्या जनगणनेत आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली निघाल्या. तेव्हा मला त्या कथेतली सपाट पात्रं आठवली नाहीत, कथा आठवली.

आता पोस्टकार्डाकडं येतो.

१९९१ साली मी पंधरा वर्षांचा होतो आणि आक्का तेवीसची. तिचं एक स्थळ पन्हाळ्याकडच्या गावचं, जवळजवळ ठरलेलं. मुलगा शिक्षक, आक्काला पसंत. तिनं तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या आठवड्यात ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची. मग पत्रिका गेली आणि परत आली. मंगळ. आबांनी दुसऱ्या एकाला दाखवली, तोही म्हणाला मंगळ. त्यानंतर दोन वर्षांत आणखी तीन स्थळं याच कारणानं परतली, आणि मग स्थळं यायची थांबली. आक्काचं लग्न झालं नाही. ती अंगणवाडीत लागली, आई-आबांचं तिनंच केलं.

पहिली पत्रिका परत आली त्या आठवड्यात वाचनालयातून आणलेलं 'यक्षांची देणगी' माझ्याकडे होतं. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं : "मंगळ पृथ्वीपासून सर्वांत जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो असे आम्हास शाळेत शिकवले आहे. तर तो माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आड कसा येतो? कृपया उत्तर द्यावे. सहीही करावी." खाली नाव, इयत्ता दहावी.

टाकलं नाही. कारण साधं होतं. पोस्टकार्ड उघडं असतं. आमचे पोस्टमन भले गृहस्थ, पण गावातली निम्मी पत्रं तेच वाचून दाखवायचे आणि उरलेली त्यांनी वाचलेली असायची. आक्काचा मंगळ पाटलाच्या वाड्यापर्यंत जायला एक दिवस पुरला असता. अंतर्देशीय घ्यायला पैसे होते, पण मग ते पोस्टकार्ड राहिलं नसतं आणि सही मिळणार नाही, असं मला वाटलं. पंधराव्या वर्षी माणूस असाच विचार करतो. कार्ड पुस्तकात ठेवलं, पुस्तक ट्रंकेत गेलं, आणि ते वाचनालयात परत करायचं धाडस झालं नाही.

१९९३ साली, शेवटचं स्थळ गेल्यावर, मी आबांशी भांडलो. सरांकडून ऐकलेलं, पुस्तकांत वाचलेलं सगळं त्यांच्यापुढं ओतलं. आबा शांतपणे म्हणाले, "तुझं खरं असंल रं. पर मी मानत न्हाई म्हणून काय हुतंय? समोरचा मानतोय न्हवं." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ सुमारे साठ हजार वर्षांत नव्हता इतका पृथ्वीजवळ आला. आमच्याकडं ऑगस्टात आभाळ कसलं दिसतंय. पण ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावरही तो ठळक होता, निखाऱ्यासारखा. सरांनी शाळेची छोटी दुर्बीण घरी नेली होती. मी आक्काला घेऊन गेलो. ती पदर सावरून वाकली, एक डोळा मिटायला तिला जमेना, मग हातानं झाकला. बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच व्हय त्यो?"

"होय."

"एवढासा?"

मग ती घरी निघाली. वाटेत काही बोलली नाही. दाराशी आल्यावर म्हणाली, "रंग बरा हाय."

माझ्या कार्डाचं उत्तर मला २००८ साली मिळालं, वर्तमानपत्रातून. नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि संख्याशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन फलज्योतिषाची सरळ परीक्षा घेतली होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, पत्रिका मांडल्या, सरमिसळ केली. ज्योतिषांना आवाहन केलं : प्रत्येकी चाळीस पत्रिका देतो, कोणती कोणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर उत्तरं शेकडा सेहेचाळीस. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. सात-आठ वर्षं आधी, विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचं घाटत होतं तेव्हाही त्यांनी उघड विरोध केला होता. पण मला तो प्रयोग जास्त आवडतो. त्यात कुणाला मूर्ख म्हटलेलं नाही. 'तपासून पाहू' म्हटलंय, आणि आकडा पुढं ठेवलाय. आबा तोवर गेले होते. नाहीतर त्यांना वाचून दाखवला असता, आणि त्यांनी पुन्हा तेच म्हटलं असतं.

हे सगळं मी त्या रविवारी वाचनालयात सांगणार नव्हतो. पण आक्का आली होती, मागं खांबाला टेकून बसली होती, आणि माझी पाळी आली तेव्हा तीच म्हणाली, "ते कार्ड दाव की." तिला ते माहीत होतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ट्रंक आवरायची तीच.

मी पिशवीतून पुस्तक काढलं, कार्ड काढलं, वाचलं. 'सहीही करावी' वर लोक हसले. आक्काही हसली. बीएस्सीवाल्या मुलीनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तिनं छापील तिकिटाचं पोस्टकार्ड कधी जवळून बघितलं नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, "ते स्थळ... त्यांचं पुढं काय झालं?"

"झालं की त्यांचं लगीन," आक्का म्हणाली. "पत्रिका जुळवून. बायको चार वर्षांत गेली बिचारी." आणि ती चहाचे कप गोळा करायला उठली.

मी पुस्तक चिटणीसांच्या टेबलावर ठेवलं. मागच्या पानावर निळ्या शाईचा शिक्का स्पष्ट होता : परत करण्याची तारीख १२ जुलै १९९१. चिटणीसांनी चष्मा लावला, शिक्का वाचला, नियमांच्या पाटीकडं पाहिलं. दिवसाला पाच पैसे दंड. त्यांनी मोबाइल काढला आणि हिशेब करू लागले.

"बारा हजार तीनशे एकाहत्तर दिवस," ते म्हणाले. "सहाशे अठरा रुपये पंचावन्न पैसे. पंचावन्न पैसे सोडा."

मी पाकिटात हात घातला. आक्का कपांची थाळी घेऊन मागून म्हणाली, "पावती घे रं."